दिलेला शब्द आणि पहिला मोसम

वर्गात नवा शिक्षक आला की पहिले काही दिवस विद्यार्थी त्याची परीक्षा घेतात. क्रीडांगणावर नवा प्रशिक्षक आला की त्याची परीक्षा सारे गाव घेते. शिक्षकाने काय शिकवले हे कळावयास वर्षे जातात. प्रशिक्षकाने काय शिकवले याचा निकाल मात्र दर आठवड्याला गुणफलकावर लागतो, निदान लोकांची तशी समजूत असते. ही समजूत कितपत खरी आहे हे पाहावयाचे असेल, तर ते एखाद्या विशिष्ट संघाच्या एखाद्या विशिष्ट मोसमाच्या आधारे पाहणे बरे. खेळाविषयीची सर्वसाधारण वचने ऐकावयास गोड असतात, पण त्यांतून हाती फारसे काही लागत नाही. म्हणून प्रस्तुत व्याख्यानात अमेरिकेतील एका विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाचा १९४८-४९ चा मोसम विचारासाठी घेतला आहे. संघ लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाचा. इंग्रजी आद्याक्षरांवरून हे विद्यापीठ ‘यूसीएलए’ या नावाने ओळखले जाते. प्रशिक्षक जॉन वुडन, वय ३८. त्या विद्यापीठात त्यांचा तो पहिलाच मोसम होता.

बास्केटबॉल हा तसा अर्वाचीन खेळ. डिसेंबर १८९१ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ या शारीरिक शिक्षणाच्या अध्यापकांनी तो योजला. हिवाळ्यामुळे बाहेर खेळता येत नव्हते आणि आत कोंडलेले तरुण कवायतीला कंटाळले होते. तेव्हा नेस्मिथ यांनी व्यायामशाळेच्या कठड्याला फळांच्या दोन टोपल्या टांगल्या आणि १३ नियम लिहून भिंतीवर लावले. १० फूट उंचीवरच्या टोपलीत चेंडू टाकावयाचा. चेंडू हाती धरून धावावयाचे नाही. प्रतिस्पर्ध्याला धक्का द्यावयाचा नाही, हा त्या नियमांचा गाभा. ती व्यायामशाळा वाय. एम. सी. ए.च्या प्रशिक्षण विद्यालयाची होती. त्याच संस्थेच्या कार्यकर्त्यांबरोबर हा खेळ देशोदेशी गेला आणि भारतातही आला. हॅरी क्रो बक यांनी १९२० मध्ये मद्रास येथे शारीरिक शिक्षणाचे विद्यालय सुरू केले, आणि अशा विद्यालयांतून तयार झालेल्या शिक्षकांबरोबर तो शाळा-महाविद्यालयांच्या आवारांत पोहोचला. दोन खांब, दोन लोखंडी कडी आणि चुन्याच्या चार रेघा एवढ्यावर हा खेळ भागतो, म्हणून गरीब शाळेलाही तो परवडतो.

या खेळात एका बाजूस पाचच खेळाडू असतात. त्यामुळे एखाद्या उंच किंवा चपळ मुलाच्या जिवावर संघ काही काळ जिंकू शकतो, पण फार काळ नाही. चेंडू घेऊन धावता येत नसल्यामुळे तो सोबत्याकडे द्यावाच लागतो, आणि कोणास, केव्हा, किती जोराने द्यावयाचा हे ठरवण्यास क्षणभरापेक्षा अधिक अवधी मिळत नाही. विचार करावयास जेथे वेळ नसतो तेथे अंगवळणी पडलेली सवयच उपयोगी पडते. वुडन यांच्या साऱ्या शिकवणीचा पाया हाच होता.

वुडन यांचा जन्म १४ ऑक्टोबर १९१० रोजी इंडियाना राज्यात झाला. त्यांचे बालपण शेतावरच्या एका लहानशा घरात गेले. घरात वीज नव्हती, नळ नव्हता. पुढे ते शेतही हातचे गेले आणि कुटुंब मार्टिन्सव्हिल या गावी राहावयास आले. नुकसान झाले म्हणून कुरकुर करावयाची नाही आणि सबबी सांगावयाच्या नाहीत, ही शिस्त वडिलांनी मुलांना घालून दिली होती, आणि शेत गेले तेव्हा ती स्वतःही पाळून दाखवली. पर्ड्यू विद्यापीठात असताना वुडन यांची गणना देशातील उत्तम बास्केटबॉलपटूंत होऊ लागली. १९३२ मध्ये पदवी घेतल्यावर मात्र त्यांनी पोटासाठी शिक्षकाचा पेशा पत्करला. माध्यमिक शाळेत ते इंग्रजी शिकवीत आणि शाळा सुटल्यावर मुलांचा संघ तयार करीत. केंटकी राज्यातील डेटन येथील त्यांच्या पहिल्याच मोसमात विजयांपेक्षा पराभव अधिक झाले. पुढे जगाने ज्यांना अजिंक्य संघांचे शिल्पकार म्हटले, त्यांची सुरुवात अशी पराभवाने झाली होती.

शिक्षकाच्या पेशातच त्यांना एक प्रश्न छळू लागला. शेजाऱ्याच्या मुलास मध्यम श्रेणी मिळाली तर पालकांना त्यात वावगे वाटत नसे. आपल्या मुलास तीच श्रेणी मिळाली की शिक्षकाचा किंवा मुलाचा दोष दिसू लागे. मुलाने आपल्या कुवतीप्रमाणे किती कष्ट घेतले याची चौकशी कोणीच करीत नसे. तेव्हा वुडन यांनी १९३४ च्या सुमारास आपल्यापुरती यशाची व्याख्या ठरवली. तिचा आशय असा, की आपल्याला जितके चांगले होणे शक्य आहे तितके होण्यासाठी मनापासून झटलो, हे ज्याचे त्याला कळते. त्या जाणिवेतून मनाला जी स्वस्थता लाभते तेच यश. या व्याख्येला मूर्त रूप द्यावे म्हणून त्यांनी गुणांचा एक मनोरा कल्पिला. त्याच्या पायाच्या दोन कोपऱ्यांत उद्योगशीलता आणि उत्साह हे दोन चिरे ठेवले. मध्ये मैत्री, निष्ठा आणि सहकार्य बसवले. कोणता गुण कोणत्या गुणावर उभा राहतो याचा विचार करीत ते हा आराखडा वर्षानुवर्षे बदलत राहिले. तो पुरा झाला १९४८ मध्ये, लॉस एंजेलिसला जाण्याच्या थोडे आधी.

दुसऱ्या महायुद्धात नौदलात काम करून परतल्यावर १९४६ मध्ये ते टेरे होट येथील इंडियाना स्टेट अध्यापक महाविद्यालयात प्रशिक्षक झाले. तेथील एक घटना सांगितल्यावाचून पुढच्या मोसमाचा अर्थ पुरता लागणार नाही. १९४७ मध्ये त्यांच्या संघास कॅन्सस सिटी येथील राष्ट्रीय स्पर्धेचे निमंत्रण आले. लहान महाविद्यालयाच्या दृष्टीने हा मोठाच मान होता. परंतु त्या स्पर्धेत कृष्णवर्णीय खेळाडूंना मज्जाव होता आणि वुडन यांच्या संघात क्लॅरेन्स वॉकर हा कृष्णवर्णीय विद्यार्थी होता. वॉकर हा संघाचा आधारस्तंभ नव्हता. तो राखीव खेळाडूंपैकी एक होता. त्याला घरी ठेवून संघ गेला असता तर गुणफलकावर फारसा फरक पडला नसता. वुडन यांनी निमंत्रण नाकारले. पुढच्या वर्षी आयोजकांनी ती बंदी उठवली आणि संघ वॉकरसह गेला. इतर मुले ज्या हॉटेलात उतरली तेथे त्याला राहू दिले गेले नाही, तरी तो मैदानात उतरला. महाविद्यालयांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळणारा तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू मानला जातो. संघ अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला आणि तेथे लुईव्हिलकडून हरला. भारतीय वाचकास या प्रसंगाचे वेगळे स्पष्टीकरण करण्याची गरज नाही. पंक्तीत कोणास बसू द्यावयाचे आणि कोणास नाही, हा प्रश्न आपल्या समाजाच्या पुरता परिचयाचा आहे. पंक्तीतल्या एकाला उठवले तर उरलेल्यांनी जेवावयाचे की नाही, हा त्याहून अवघड प्रश्न वुडन यांच्यापुढे आला होता, आणि त्यांनी त्याचे उत्तर कृतीने दिले.

या दोन मोसमांनंतर मोठ्या विद्यापीठांचे त्यांच्याकडे लक्ष गेले. मिनेसोटा आणि यूसीएलए या दोघांनीही बोलणी सुरू केली. वुडन पतिपत्नींचा ओढा मिनेसोटाकडे होता. तो प्रदेश त्यांच्या माणसांच्या जवळचा होता आणि तेथील खेळाची परंपराही मोठी होती. अडचण एवढीच होती, की जुन्या प्रशिक्षकांना साहाय्यक म्हणून ठेवून घ्यावे अशी विद्यापीठाची इच्छा होती आणि वुडन यांना आपला साहाय्यक स्वतः निवडावयाचा होता. ठरल्या दिवशी संध्याकाळी मिनेसोटाचे अधिकारी दूरध्वनीवरून अंतिम निर्णय कळवणार होते. त्यानंतर तासाभराने यूसीएलएचे क्रीडाप्रमुख विल्बर जॉन्स यांचा दूरध्वनी यावयाचा होता. मिनेसोटात हिमवादळ झाले, तारा तुटल्या आणि ठरलेला पहिला दूरध्वनी आलाच नाही. त्यांनी आपला विचार सोडला असावा, असा वुडन यांचा समज झाला. जॉन्स यांचा दूरध्वनी वेळेवर आला आणि वुडन यांनी होकार दिला. नंतर थोड्या वेळाने मिनेसोटाशी संपर्क जुळला. वुडन यांची अट मान्य झाली होती; त्यांनी यावे एवढेच बाकी होते. एक तासापूर्वी दिलेल्या होकारावर अद्याप शाई उमटली नव्हती, सही झाली नव्हती. जॉन्स यांना सारी हकीकत सांगितली असती तर त्यांनीही कदाचित समजून घेतले असते. पण वुडन यांनी आपण शब्द देऊन बसलो आहोत एवढेच कळवले आणि तो विषय संपवला.

दिलेला शब्द किती महागात पडणार होता, हे त्यांना लवकरच कळले. १९४८ च्या वसंत ऋतूत त्यांनी लॉस एंजेलिसच्या मुलांचा सराव प्रथम घेतला आणि ते हताश झाले. मागे सोडून आलेला इंडियाना स्टेटचा संघ या मुलांना हवा तेवढ्या फरकाने हरवू शकेल, असे त्यांना वाटले. सन्मानाने माघार घेण्याची एखादी वाट असती तर ती आपण धरली असती, अशी कबुली त्यांनी पुढे मोकळेपणाने दिली आहे. आधीच्या मोसमात या संघाने १२ सामने जिंकले होते आणि १३ गमावले होते. तेथील पॅसिफिक किनारा संघटनेच्या दक्षिण विभागात चार विद्यापीठे होती. त्यांत येत्या मोसमात यूसीएलए शेवटच्या क्रमांकावर राहील, असे भाकीत जाणकारांनी आधीच केले होते.

या विद्यापीठास गुणी खेळाडूंचा इतिहास नव्हता असे नाही. अमेरिकेच्या व्यावसायिक बेसबॉलमधील वर्णभेदाची भिंत १९४७ मध्ये ज्यांनी ओलांडली ते जॅकी रॉबिन्सन विद्यार्थिदशेत याच संघातून बास्केटबॉल खेळले होते. अमेरिकेच्या ऑलिंपिक बास्केटबॉल संघातील पहिले कृष्णवर्णीय खेळाडू डॉन बार्क्सडेल हेही येथलेच. पण अधूनमधून एखादा थोर खेळाडू निपजणे वेगळे आणि संघाला वळण असणे वेगळे. शहराचे प्रेम फुटबॉलवर होते. विद्यापीठाचा फुटबॉल संघ सुमारे लाखभर प्रेक्षक बसू शकतील अशा भव्य कोलिसियममध्ये खेळे, तर बास्केटबॉलच्या वाट्याला १९३२ साली बांधलेली जुनी व्यायामशाळा आली होती. तीत जेमतेम २,४०० माणसे मावत. हवा खेळती नसल्यामुळे गर्दीच्या वेळी घामाचा दर्प एवढा कोंडे, की विद्यार्थ्यांनी तिला त्यावरूनच एक टवाळीचे नाव ठेवले होते.

सरावाची जागा म्हणजे त्या इमारतीच्या वरच्या मजल्यावरील एक दालन. तेही बास्केटबॉलच्या संघाचे एकट्याचे नव्हते. एका अंगाला जिम्नॅस्टिक्सची मुले दांड्यांवर आणि ट्रॅम्पोलिनवर कसरती करीत, दुसऱ्या अंगाला कुस्तीगीर झोंबत असत आणि मध्ये चेंडूची धावपळ चाले. दिवसभर पावले उमटलेल्या फरशीवर धुळीचा थर असे. धुळीवर पाय घसरतो आणि चेंडूचा टप्पा चुकतो. ती जमीन स्वच्छ करण्याचे काम कोणाचे, याविषयी कार्यालयाशी पत्रव्यवहार करता आला असता. वुडन यांनी बादली घेतली. ते पुढे पाणी शिंपडत जात आणि संघाची व्यवस्था पाहणारे विद्यार्थी मागून पोछा फिरवीत. लहानपणी शेतावर कोंबड्यांना दाणे टाकावेत तसा आपला हात चाले, असे त्यांनी पुढे म्हटले आहे. हा क्रम एक-दोन दिवसांचा नव्हता; तो पुढे अनेक वर्षे चालला. नेमणुकीच्या वेळी तीन वर्षांत नवे क्रीडागृह होईल अशी समजूत त्यांना करून देण्यात आली होती. ते प्रत्यक्षात उभे राहिले १९६५ मध्ये, म्हणजे १७ वर्षांनी.

आता सरावाकडे वळावे, कारण मोसमाचे खरे रहस्य सामन्यांत नसून सरावात होते. हंगामाच्या पहिल्या दिवशी वुडन मुलांना पायमोजे घालावयास शिकवीत. महाविद्यालयात शिकणाऱ्या, काही तर युद्धावर जाऊन आलेल्या तरुणांना पायमोजे घालावयास शिकवणे हास्यास्पद वाटेल. पण त्यामागील कार्यकारणभाव साधा होता. पायमोज्याला टाचेशी किंवा बोटांशी सुरकुती राहिली की बूट तेथे घासतो. घासला की फोड येतो. फोड आला की खेळाडू त्या पायावर भार टाकावयास कचरतो, आणि शेवटच्या दहा मिनिटांत जो कचरला तो चेंडूपाशी अर्ध्या पावलाने उशिरा पोहोचतो. म्हणून सुरकुत्या हाताने चापून काढावयाच्या, बुटाची नाडी प्रत्येक छिद्रापाशी ओढून घट्ट करावयाची आणि दुहेरी गाठ मारावयाची. मोठी गोष्ट लहान गोष्टींतूनच सिद्ध होते हे सारेच सांगतात. ती नेमकी कोणत्या लहान गोष्टीपासून सुरू होते, हे या प्रशिक्षकाने बोट ठेवून दाखवले.

सराव सुमारे दोन तासांचा असे आणि त्यातील मिनिटामिनिटाचा हिशेब आधी मांडलेला असे. सकाळी आपल्या साहाय्यकाबरोबर बसून वुडन त्या दिवसाची आखणी करीत. किती मिनिटे चेंडू देण्या-घेण्याचा सराव, किती मिनिटे टप्पे देत नेण्याचा, किती मिनिटे नेमाचा, हे लहान पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्यांवर लिहिले जाई, आणि एक बाब संपून दुसरी सुरू होताना क्षणही वाया जाऊ दिला जात नसे. सराव संपल्यावर काय साधले आणि काय राहिले याच्या नोंदी होत व त्या जपून ठेवल्या जात. पाठाची टाचणे काढणाऱ्या कोणाही कसोशीच्या शिक्षकाला ही पद्धत ओळखीची वाटेल. वुडन यांनी ती वर्गातूनच मैदानावर आणली होती. काय करावयाचे ते सांगावे, करून दाखवावे, मुलांकडून करवून घ्यावे, चूक सुधारावी आणि मग ते अंगी मुरेपर्यंत पुन्हापुन्हा करवावे, हा त्यांचा क्रम होता. व्याकरण शिकवताना जे लागू पडते तेच चेंडूच्या फेकीलाही लागू पडते, असा त्यांचा विश्वास होता.

नियम थोडे होते, पण ते सर्वांना सारखे होते. वेळेवर यावयाचे, तोंडातून अपशब्द काढावयाचा नाही, सोबत्याला नावे ठेवावयाची नाहीत, ते काम प्रशिक्षकाचे. ज्याने चेंडू कड्यात टाकला त्याने ज्याच्याकडून चेंडू मिळाला त्याच्याकडे खुणेने निर्देश करून त्याची दखल घ्यावयाची. टाळ्या पडतात त्या शेवटच्या हाताला. त्या हातापर्यंत चेंडू आणणारे हात प्रेक्षकांना दिसत नाहीत. ते निदान सोबत्यांना तरी दिसले पाहिजेत, एवढाच या खुणेचा हेतू होता.

खेळाची रीतही बदलली. पॅसिफिक किनाऱ्यावरील पुष्कळ संघ त्या काळी सावकाश, जपून खेळत. किती वेळात चेंडू टाकलाच पाहिजे असे बंधन महाविद्यालयीन खेळात तेव्हा नव्हते, त्यामुळे चेंडू घोळवत बसण्यास मोकळीक होती. वुडन यांनी इंडियानातून जलद चढाईचा खेळ आणला. प्रतिपक्षाचा नेम चुकून चेंडू फळ्यावरून परतला की तो झेलावयाचा आणि समोरच्यांनी बचावाची रचना करण्यापूर्वी दुसऱ्या टोकाला पोहोचावयाचे. हा खेळ डोळ्यांना सोपा दिसतो, पण त्यासाठी दोन गोष्टी लागतात. पहिली म्हणजे दमसास. तो पहिल्या अर्ध्या भागात कामी येत नाही. प्रतिपक्ष थकू लागल्यावर, सामना संपत येता येता, त्याची किंमत कळते. दुसरी म्हणजे धावत्या सोबत्याच्या पुढे, तो पोहोचेल त्या जागी, चेंडू अचूक देण्याची सवय. दोन्ही गोष्टी विकत मिळत नाहीत आणि दोन्हींसाठी मोठे क्रीडागृह लागत नाही. हाती जे नव्हते त्याची खंत न करता जे मिळवता येण्यासारखे होते त्यावर सारा भर देणे, हाच या प्रशिक्षकाचा व्यूह होता.

संघातील मुले तीच होती जी जाणकारांनी मोडीत काढली होती, किंवा त्यांच्यासारखीच. त्यांत जॉर्ज स्टॅनिच होता. त्याच उन्हाळ्यात लंडनच्या ऑलिंपिकमध्ये उंच उडीत १.९५ मीटर उडी मारून त्याने कांस्यपदक मिळवले होते. स्वतंत्र भारताने हॉकीचे पहिले सुवर्णपदक मिळवले तेच हे ऑलिंपिक. स्टॅनिचबरोबर एडी शेल्ड्रेक, कार्ल क्राउसहार, ॲलन सॉयर, चक क्लस्टका हे सोबती होते. अमेरिकेबाहेर ही नावे आज कोणास ठाऊक नसतील. वुडन यांच्या पुढील काळातील लू अल्सिंडर, म्हणजेच नंतरचे करीम अब्दुल-जब्बार, किंवा बिल वॉल्टन यांच्यासारखी जागतिक कीर्ती यांच्यापैकी कोणाच्याही वाट्याला आली नाही. पण पहिल्या चिऱ्यांचे काम यांनी केले.

मोसम सुरू झाला आणि जाणकारांचे भाकीत हळूहळू उलटू लागले. विभागातील १२ सामन्यांपैकी यूसीएलएने १० जिंकले आणि शेवटचा क्रमांक ज्यांना बहाल झाला होता ते पहिल्या क्रमांकावर आले. साऱ्या मोसमाचा हिशेब २२ विजय आणि ७ पराभव असा झाला. विद्यापीठात हा खेळ १९१९ मध्ये सुरू झाला तेव्हापासून एका मोसमात एवढे विजय कधीच मिळाले नव्हते. त्यानंतर संपूर्ण संघटनेच्या विजेतेपदासाठी उत्तर विभागातील विजेत्या ओरेगॉन स्टेटशी तीन सामन्यांची निर्णायक लढत झाली. तीत यूसीएलएचा पराभव झाला, आणि राष्ट्रीय स्पर्धेत ओरेगॉन स्टेट गेले. पहिल्या मोसमाची कथा अशी अंतिम विजयाने नव्हे, तर पराभवाने संपते.

येथेच थांबले तर ही एका हुशार प्रशिक्षकाची यशोगाथा होईल आणि तिचे मर्म हातून निसटेल. पुढच्या वर्षी संघाने २४ सामने जिंकले, संघटनेचे विजेतेपद मिळवले आणि विद्यापीठाच्या इतिहासात प्रथमच तो राष्ट्रीय स्पर्धेत उतरला. त्याच सुमारास, १९५० मध्ये, वुडन यांना पर्ड्यू विद्यापीठाकडून बोलावणे आले. ते त्यांचे स्वतःचे विद्यापीठ. तेथे माणसे आपली, सोयी चांगल्या आणि मानधनही भरघोस. लॉस एंजेलिसला तर नव्या क्रीडागृहाचा पायाही घातला गेला नव्हता. वुडन यांचे मन पर्ड्यूकडे झुकले. त्यांनी हा विषय काढला तेव्हा विद्यापीठाच्या अधिकाऱ्यांनी त्यांना एकाच गोष्टीची आठवण दिली. तीन वर्षांच्या कराराचा आग्रह धरला होता तो त्यांनीच, विद्यापीठाने नव्हे. वुडन यांच्यापाशी यावर उत्तर नव्हते. त्यांना या आठवणीचा राग आला, पण तिचे म्हणणे खोडता आले नाही, आणि ते राहिले. विद्यापीठाने दिलेले आश्वासन पुरे केले नव्हते, हे खरे. पण दुसऱ्याने शब्द पाळला नाही म्हणून आपला शब्द सुटतो, असा हिशेब त्यांनी केला नाही.

त्यानंतरची वर्षे सोपी गेली असे मुळीच नाही. संघ सातत्याने चांगला खेळे. वुडन यांच्या २७ मोसमांपैकी एकाही मोसमात पराभवांची संख्या विजयांपेक्षा अधिक झाली नाही. पण राष्ट्रीय विजेतेपद दूरच राहिले. १९५५ मध्ये अग्निशमन अधिकाऱ्यांनी जुन्या व्यायामशाळेतील गर्दीस हरकत घेतली, तेव्हा घरचे सामनेही शहरातील परक्या जागांत खेळावे लागले. पहिले राष्ट्रीय विजेतेपद आले १९६४ मध्ये, म्हणजे त्या पहिल्या मोसमानंतर १५ वर्षांनी. आणि तेही नवे क्रीडागृह होण्यापूर्वी, त्याच जुन्या दालनात घाम गाळणाऱ्या संघाकडून. त्या मोसमात तो एकही सामना हरला नाही. पुढे १९७५ पर्यंतच्या १२ वर्षांत १० राष्ट्रीय विजेतेपदे आणि लागोपाठ ८८ विजय हा इतिहास घडला. क्रीडाविषयक ग्रंथांत वुडन यांचे नाव येते ते या आकड्यांसाठी.

आकड्यांच्या या कळसाला एक गालबोटही आहे आणि ते झाकून ठेवणे योग्य होणार नाही. वैभवाच्या काळात संघाभोवती एका धनवान हितचिंतकाची ऊठबस वाढली. खेळाडूंना त्याच्याकडून नियमबाह्य लाभ मिळत, अशी चर्चा झाली. वुडन निवृत्त झाल्यानंतर काही वर्षांनी विद्यापीठावर शिस्तभंगाची कारवाईही झाली. वुडन यांनी स्वतः काही गैर केल्याचा आरोप सिद्ध झाला नाही. परंतु त्यांनी या गोष्टीकडे अधिक कठोरपणे पाहावयास हवे होते, ही टीका अनेकांनी केली आणि तिच्यात तथ्य नाही असे म्हणवत नाही. पायमोज्याची सुरकुती पाहणाऱ्या नजरेतूनही काही निसटू शकते, हे यातून दिसते. पहिल्या मोसमातील दारिद्र्यात जी शुचिता सहज सांभाळली जाते, ती विजयाच्या समृद्धीत सांभाळणे अधिक कठीण असते.

मग १९४८-४९ च्या त्या मोसमाचा बोध कोणता? नवा प्रशिक्षक संघाला काय देऊ शकतो? उंची देऊ शकत नाही, क्रीडागृह देऊ शकत नाही, प्रेक्षक देऊ शकत नाही. तो केवळ सवयी देऊ शकतो, आणि त्या आपल्या स्वतःच्या सवयींतूनच देऊ शकतो. जमीन पुसणाऱ्या प्रशिक्षकाला कामचुकारपणाविरुद्ध व्याख्यान द्यावे लागत नाही. राखीव खेळाडूसाठी राष्ट्रीय स्पर्धा नाकारणाऱ्याला, संघात सर्वांचे मोल सारखे आहे हे फळ्यावर लिहून दाखवावे लागत नाही. लॉस एंजेलिसच्या मुलांनी टेरे होटची ती घटना पाहिली नव्हती. पण ज्या माणसाने ती घडवली तोच आता त्यांच्यापुढे बादली घेऊन उभा होता.

आपल्याकडील महाविद्यालयांत खेळाकडे पाहण्याच्या दोन वृत्ती आढळतात. एक वृत्ती खेळाला अभ्यासातील व्यत्यय समजते. दुसरी ढाल आणि चषक मिळाला तरच त्याला मोल देते. दोन्ही वृत्तींचा परिणाम एकच होतो. क्रीडाशिक्षकाला सोयी मिळत नाहीत, वेळ मिळत नाही, आणि निकालाची घाई मात्र सर्वांना असते. मैदान नाही म्हणून खेळ नाही आणि खेळ नाही म्हणून मैदान नाही, हे चक्र अनेक गावांत चालू असते. अमेरिकेतही आज परिस्थिती पालटली आहे. २०२१ पासून महाविद्यालयीन खेळाडूंना आपल्या नावलौकिकावर पैसे मिळवण्याची मुभा मिळाली. वर्षानुवर्षे विद्यापीठांना उत्पन्न मिळवून देणाऱ्या तरुणांवरचा एक अन्याय त्यामुळे कमी झाला, यात शंका नाही. पण त्याचबरोबर खेळाडू आणि प्रशिक्षक दोघांच्याही स्थलांतराचा वेग वाढला आहे, आणि एका प्रशिक्षकाने पहिल्या विजेतेपदासाठी १५ वर्षे थांबणे व विद्यापीठाने त्याला थांबू देणे ही गोष्ट दुर्मीळ झाली आहे.

वुडन १९७५ मध्ये निवृत्त झाले आणि ४ जून २०१० रोजी, वयाची शंभरी चार महिन्यांवर आली असताना, निवर्तले. अखेरपर्यंत ते स्वतःला शिक्षक म्हणवीत. कोणता संघ आपला सर्वांत यशस्वी संघ, असे कोणी विचारले तर उत्तर विजेतेपदांच्या यादीतच शोधले पाहिजे असे त्यांना वाटत नसे. ज्या मुलांनी आपल्या कुवतीच्या अधिकात अधिक जवळ पोहोचून दाखवले, ती मुले यशस्वी, मग गुणफलकावर काहीही असो, हीच त्यांची अखेरपर्यंतची कसोटी होती. त्या कसोटीवर पाहिले तर ओरेगॉन स्टेटकडून हरलेला १९४९ चा संघ कोणत्याही विजेत्या संघापेक्षा कमी ठरत नाही. ज्यांना शेवटचे म्हटले गेले, ज्यांच्या पायाखालची जमीन रोज पुसावी लागे, ज्यांच्या शेजारी कुस्तीगीर आणि कसरतपटू आपापली जागा अडवून असत, त्या मुलांनी एका माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवला. त्या माणसाने तो शब्द, तेथे यावेसे उरले नव्हते तेव्हाही, पाळला होता. कोणत्याही शाळेच्या आवारात दोन खांब आणि दोन कडी उभी करता येतात. त्यांच्याखाली रोज वेळेवर येऊन उभा राहणारा माणूस मिळाला, तर पहिल्या मोसमासाठी तेवढे पुरेसे असते.